एक कोटीच्या आधीचे पंधराशे रुपये

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषांवर आपण भरपूर वाद घालतो आणि चुकीच्या जागी घालतो, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तर सोपं होतं की अवघड, स्पर्धक हुशार होता की नशिबाचा, आणि आतून सगळी सेटिंग असते की नसते, हे तीन विषय विदर्भातल्या कुठल्याही गावच्या पानठेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकायला मिळतात. मीही त्यात हिरिरीने बोलतो. पण स्पर्धकाची ओळख करून देताना त्याच्या पगाराचा जो आकडा सांगितला जातो, त्यावर कुणी भांडताना मी ऐकलेलं नाही. तो आकडा आला की आपण चुकचुकतो, तेवढ्यात पुढचा प्रश्न पडद्यावर येतो आणि आकडा मागे पडतो.

2019 साली अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या आणि त्याचं मानधन होतं महिन्याला 1500 रुपये. एक कोटीचा प्रश्न 1857च्या उठावावरचा होता. बहादूरशाह जफरच्या दरबारातल्या कोणत्या कवीने त्या धामधुमीची हकिकत लिहून ठेवली, असं विचारलं होतं. जहीर देहलवी हे उत्तर त्यांनी दिलं आणि ते बरोबर निघालं. जिंकलेल्या पैशातून काय घेणार, यावर त्या म्हणाल्या होत्या की घरात सगळ्यांत मिळून एकच मोबाइल आहे, एक घ्यायचा आहे. देशभर या साधेपणाचं कौतुक झालं. अमरावती जिल्ह्यात तर एसटीत, आठवडी बाजारात, दवाखान्याच्या रांगेत तोच विषय होता. आपल्यातली बाई तिथवर गेली, याचा आनंद खरा होता आणि तो मलाही झाला.

आता त्या 1500 रुपयांचा हिशोब करू. बारा महिने धरले तर वर्षाचे 18,000 होतात. या दराने एक कोटी कमवायला साडेपाचशे वर्षं लागतात. आणि बारा महिने धरणं हीदेखील मेहेरबानीच आहे, कारण केंद्राने 2009 साली ठरवलेलं मानधन 1000 रुपये होतं आणि तेही वर्षातल्या दहाच महिन्यांचं. राज्याने त्यात भर घालून ते 1500 केलं, पुढे 2500 वर नेलं. उन्हाळ्यात शाळा बंद, की चूल बंद आणि मानधनही बंद. ज्या बाईच्या ज्ञानापुढे सगळा देश उभा राहून टाळ्या वाजवत होता, तिच्या एका दिवसाची किंमत याच देशाने पन्नास रुपये ठरवली होती. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो आपल्या सगळ्यांना यायला हवा.

खिचडी शिजवणं म्हणजे काय काम असतं, हे ज्याने जवळून पाहिलेलं नाही त्याला हा राग कदाचित जास्त वाटेल. आमच्या गावच्या शाळेतली काकू दहाच्या सुमारास येते आणि आधी गुरुजींना हजेरी विचारते. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम, असं प्रमाण ठरलेलं आहे. गुरुजी म्हणाले, “लहान त्रेचाळीस, मोठे सव्वीस,” की पोत्याकडे वळता वळता तिच्या तोंडून निघतं, “आठ किलो, वर दोनशे ग्राम.” कागद नाही की मोबाइल नाही. मग तांदूळ निवडणं, धुणं, डाळ मोजणं, आधणाचा अंदाज घेणं. गॅस संपला असेल तर पऱ्हाट्या पेटवायच्या आणि धुरात डोळे चोळत पातेलं हलवायचं. मुलांच्या पंगती उठल्या की ताटं घासायची. सोबतीला आणखी एक बाई असते, कारण पंचवीसच्या वर मुलं असली की दोघींची तरतूद आहे. निंदणाला गेली तर याहून जास्त मजुरी मिळेल, हे तिलाही ठाऊक आहे. पण निंदण बारमाही नसतं, आणि शाळेत तिचं नातवंड आहे.

घरच्या टीव्हीचा रिचार्ज संपला की ही काकू आमच्या ओसरीत येऊन बसते, दाराला टेकून. प्रश्न आला की पुरुष मंडळी ओरडायला लागतात: “बी! बी लॉक कर ना बे!” ती सहसा बोलत नाही. एकदा मात्र पर्याय यायच्या आधीच हळूच उत्तर बोलून गेली आणि ते बरोबर निघालं. माझ्या काकांनी मान वळवून विचारलं, “तुले कसं माहीत वं?” ती म्हणाली, “पोराइच्या पुस्तकात हाय ना. भात शिजेलोक वाचत रायतो मी.” एवढंच बोलून ती पुन्हा गप्प झाली. तिच्यासारख्या किती जणी विदर्भातल्या शाळाशाळांत चुलीपाशी बसून सातवीचा इतिहास वाचत असतील, आणि त्यांतल्या एखादीच्याच वाट्याला ती खुर्ची का यावी, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बबिता ताडे यांची गोष्ट एकटी नाही. 2011 साली याच कार्यक्रमात पाच कोटी जिंकणारे पहिले स्पर्धक, बिहारमधल्या मोतिहारीचे सुशील कुमार, मनरेगाच्या कामावर कॉम्प्युटर ऑपरेटर होते आणि त्यांचा पगार 6000 रुपये होता. एक शालेय पोषण आहारावर, दुसरे रोजगार हमीवर. दोन्ही योजना देशाने अभिमानाने मिरवाव्यात अशाच आहेत. दुष्काळ सोसलेल्या आपल्या भागाला तर त्यांची किंमत जास्तच कळते. रोजगार हमी सुरू झाली ती मुळात महाराष्ट्रातच, आणि 1977 साली तिचा कायदाही इथेच झाला. पण या योजना ज्यांच्या हातांवर चालतात, त्या हातांना आपण ‘मानधन’ आणि ‘कंत्राट’ यांवर भागवायला लावतो. आशाताई, अंगणवाडी मदतनीस, रोजगार सेवक, सगळ्यांची तीच गत. त्यांच्यातल्या एकाने कोट्यवधी जिंकले की ‘बघा, गरिबीतूनही वर येता येतं’ असं म्हणत आपण बाकीच्यांचा विषय मिटवून टाकतो. या कार्यक्रमांचं खरं नुकसान मला इथे दिसतं. एकाची सुटका पाहून हजारोंच्या अडकण्याबद्दल आपली बोलण्याची सवय जाते.

सुशील कुमार यांचं पुढे काय झालं, यावरही आमच्याकडे फार चवीने बोललं जातं. 2020 साली त्यांनी स्वतःच मोकळेपणाने लिहिलं होतं की जिंकल्यानंतरचा काळ आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ ठरला, दानाच्या नावाखाली लोकांनी फसवलं, व्यसनंही लागली. हे वाचून “पैसा पचवता आला नाही” असा शेरा मारणारे मी पाहिले. अरे, सहा हजारांवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात एका रात्रीत पाच कोटी आले, तर ते कसे सांभाळायचे हे त्याला शिकवलं होतं कुणी? कापसाचे पैसे हातात आले की गावात कोणकोण घिरट्या घालायला लागतं, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलो आहोत. शिवाय जाहीर झालेली रक्कम हातात येतही नाही. अशा बक्षिसावर सरसकट तीस टक्के कर असतो आणि वर अधिभार, उपकर. म्हणजे कोटीतला जवळजवळ तिसरा हिस्सा जागीच कापला जातो. उसने मागायला येणारा मात्र पूर्ण कोटीचा हिशोब मनात धरून येतो. सुशील कुमार त्यातून सावरले, झाडं लावण्याच्या कामात रमले, पुढे शिक्षक झाले. पानठेल्यावर हा दुसरा भाग कुणी सांगत नाही.

आता सेटिंगबद्दल. “सारं आधीच ठरलेलं असते बाप्पा” हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की उलटं बोलणारा भाबडा ठरतो. संशय घेण्यात चूक नाही, त्याला इतिहास आहे. अमेरिकेत 1950च्या दशकात ‘ट्वेंटी-वन’ नावाच्या कार्यक्रमात निर्मात्यांनी स्पर्धकांना आधीच उत्तरं पुरवली होती. चार्ल्स व्हॅन डोरेन हा प्राध्यापक त्यातून देशाचा लाडका झाला आणि 1959 साली संसदेच्या समितीपुढे त्याला सगळं कबूल करावं लागलं. तिथे मग असल्या लबाडीविरुद्ध कायदाच झाला. ब्रिटनमध्ये, म्हणजे ज्या मूळ कार्यक्रमावरून आपला करोडपती आला तिथे, 2001 साली चार्ल्स इंग्राम या स्पर्धकाला प्रेक्षकांतून खोकल्याच्या खुणा मिळाल्याचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि तो दोषी ठरला. तेव्हा असं घडूच शकत नाही, असं मी म्हणणार नाही. पण आपल्याकडच्या एखाद्या स्पर्धकाने ते केलं असं म्हणायचं, तर पुरावा लागतो. तो नसताना एका कष्टाळू बाईच्या वाचनावर संशय घेणं म्हणजे, ‘ही एवढी हुशार असूच शकत नाही’ असं म्हणणं होय. सेटिंगच्या बऱ्याचशा गप्पांच्या तळाशी मला हेच सापडलं आहे. शहरातला इंजिनिअर जिंकला की कुणाला सेटिंग आठवत नाही.

निवड होते ती वेगळ्या गोष्टीची. लाखो लोक नोंदणी करतात, मग फोन येतो, मुलाखत होते, आणि त्यातून कुणाला बोलवायचं हे कार्यक्रमवाले ठरवतात. कॅमेरा गावात येतो. चूल, पत्र्याचं घर, सायकल, डोळ्यांना पदर लावणारी आई यांचं चित्रण होतं. 2000 साली पहिला करोडपती झालेले हर्षवर्धन नवाथे मुंबईचे होते, स्पर्धा परीक्षेची तयारी करत होते. तेव्हा ज्ञान हाच मुख्य खेळ होता. पुढे हळूहळू हालअपेष्टांची कहाणी खेळाच्या बरोबरीने येऊन बसली. यात फसवणूक नाही, आणि त्या कहाण्या खोट्याही नाहीत. पण गरिबी दाखवायची आणि तिचं कारण विचारायचं नाही, हा प्रकार मला मान्य नाही. निवेदकाने 1500चा आकडा उच्चारल्यावर पुढचं वाक्य ‘हे मानधन कोण ठरवतं?’ असं असायला हवं. मनोरंजनाचा कार्यक्रम ते विचारणार नसेल, तर बघणाऱ्याने विचारावं.

चुकणाऱ्या स्पर्धकाची जी टवाळी होते, तीही मला सहन होत नाही. “एवढं बी येत नाई अन् गेला टीव्हीवर!” घरात पाय पसरून बसलेल्या माणसाला प्रश्न सोपाच वाटतो. त्याच्यावर दिवे नसतात, घड्याळ नसतं, समोर अमिताभ बच्चन नसतात. चुकला तर त्याचं काही जात नाही. खुर्चीतला मात्र लाखोंवरून हजारांवर येतो. 2025 साली पाचवीत शिकणारा एक मुलगा त्या खुर्चीत घाईघाईने, जरा आगाऊपणे बोलला आणि चुकून रिकाम्या हाताने परतला. त्यानंतर मोठमोठ्या माणसांनी मोबाइलवर त्या लेकराचे, त्याच्या आईबापांचे काय काय धिंडवडे काढले! आमच्या गावच्या ग्रुपवरही ते फिरत होतं. पोट्टं आगाऊ बोललं तर घरची मोठी माणसं दोन शब्द सुनावतात आणि विषय संपतो. सगळ्या देशाने मिळून एका पोराला हसावं, ही कुठली रीत?

हे सगळं म्हणूनही मी हे कार्यक्रम बघतो आणि बघत राहीन. त्यांनी गावाला दिलेलं मोठं आहे. संध्याकाळी घरातली तीन पिढ्यांची माणसं एका प्रश्नावर डोकं लावतात, असं दुसरं काय आहे टीव्हीवर? मालिका बघताना कुणी नकाशा काढून बसत नाही. 2013 साली ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकर ‘कोण होईल मराठी करोडपती’ घेऊन आले, 2019 साली सोनी मराठीवर नागराज मंजुळे त्या खुर्चीसमोर बसले, तेव्हा खेड्यातल्या माणसाला आपल्या बोलीत अडखळत, हसत उत्तर देता आलं. आणि बबिता ताडे जिंकल्यावर आमच्या काकूला विचारलेला तो “तुले कसं माहीत वं?” हा प्रश्न कुत्सित राहिला नाही. आता लोक खरंच तिला विचारतात.

पण विदर्भातल्या खेड्यातल्या पोरांसाठी ही चार पर्यायांची प्रश्नमंजूषा नुसती करमणूक नाही, ती जगण्याची वाटही आहे, आणि तिथे काळजी वाटते. एसटी स्टँडवरच्या पुस्तकाच्या दुकानात कथा-कादंबऱ्या मागे सरकल्या आहेत. पुढे असतात ती सामान्य ज्ञानाची जाडजूड पुस्तकं आणि एका ओळीतल्या प्रश्नोत्तरांच्या वह्या. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, सगळीकडे तेच: चार पर्याय, एक गोल काळा करा किंवा एका बटणावर क्लिक करा. 2023च्या तलाठी भरतीत 4644 जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले. खुल्या गटासाठी अर्जाची फी 1000 रुपये होती. सोयाबीनला भाव नाही, तुरीवर मर पडली, कपाशीच्या बोंडात गुलाबी अळी निघाली, अशा घरातला पोरगा तीन-चार वर्षं अभ्यासिकेत राष्ट्रपतींची यादी पाठ करतो. त्याला करोडपतीतला स्पर्धक दिसतो तेव्हा त्यात त्याला स्वतःचंच नशीब दिसतं. लोणारचं सरोवर कशामुळे झालं, उल्कापातामुळे, हे त्याला झोपेतही सांगता येतं. त्याच बुलडाणा जिल्ह्यातल्या त्याच्या गावची विहीर फेब्रुवारीतच का आटते, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं. पाठांतराला माझा विरोध नाही, ते आलंच पाहिजे. मात्र प्रश्न विचारण्याची ताकद कायम दुसऱ्याच्या हातात राहिली, तर आपण फक्त पर्याय निवडत राहू.

प्रश्न कसा विचारायचा, हे आम्हाला बाहेरून शिकायची गरज नाही. बबिता ताडे यांच्याच अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे, गाडगेबाबांचं जन्मगाव. बाबा कीर्तनाला उभे राहिले की समोरच्यांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढायचे. देव कुठे आहे, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घातलं नाही. पर्याय नसायचे, घड्याळ नसायचं. उत्तर देणाऱ्याला बक्षीस मिळायचं नाही, पण घरी जाताना तो तो प्रश्न सोबत घेऊन जायचा. या परंपरेतल्या माणसांनी टीव्हीसमोर बसून फक्त ‘बी लॉक कर’ म्हणावं, हे मला अपुरं वाटतं.

म्हणून पगाराचा आकडा ऐकला की तिथेच थांबून वाद घाला, असा माझा आग्रह आहे. शाळेतल्या काकूचं मानधन वर्षाचे बारा महिने का मिळत नाही? ती ज्या पुस्तकांतून वाचते ती मुलांची असतात. गावच्या वाचनालयात तिच्यासाठी एक पुस्तक का नाही? आमच्याकडे वाचनालय कागदावर आहे, ग्रामपंचायतीच्या मागे एक खोलीही आहे. कपाटात शे-दोनशे पुस्तकं आहेत, त्यांतली बरीच बांधलेल्या गठ्ठ्यातून सुटलेलीच नाहीत. खोलीला कुलूप असतं. चावी कुणाकडे असते, हे विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगतो.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी मी दोन प्रश्न लेखी दिले आहेत. पहिला, वाचनालयाची खोली संध्याकाळी दोन तास उघडी ठेवायची जबाबदारी कोणाची. दुसरा, स्वयंपाकी आणि मदतनीस बायांना बारा महिन्यांचं मानधन मिळावं, असा ठराव करून तो जिल्हा परिषदेला पाठवायला ग्रामसभा तयार आहे का. अर्जावर काकूची सही हवी होती. तिने आधी पूर्ण मजकूर वाचून काढला, ‘मदतनीस’ शब्दातली माझी ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली आणि मग सही केली. तिच्याखाली आणखी अकरा बायांच्या सह्या आहेत.